मोहरी, तीळ आणि उतरते ताट

आजच्या समारंभाचे आणि आपल्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष माननीय अमरसिंह इंगवले, प्रमुख पाहुणे आणि पंचधारा बालविज्ञान मंडळाचे अध्यक्ष माननीय धैर्यशील सरनोबत, आपल्या मुख्याध्यापिका श्रीमती सुष्मिता हळिंगळी, व्यासपीठावरील अन्य मान्यवर, माझे सहकारी बंधुभगिनी, उपस्थित पालक, आणि माझे विद्यार्थी, ज्यांना सभागृहाच्या शेवटच्या रांगांत बसवले आहे आणि ज्यांना वास्तविक पहिल्या रांगेत बसवायला हवे होते, आपणा सर्वांना माझे विनम्र अभिवादन.

आपण माझा सत्कार केलात. शाल दिलीत, श्रीफळ दिलेत. एप्रिलच्या या उकाड्यात शाल भाषण संपेपर्यंत खांद्यावर ठेवावी असा संकेत असल्याने मी ती ठेवली आहे. भाषण लांबले तर त्याची पहिली शिक्षा मलाच होईल, एवढा दिलासा श्रोत्यांनी बाळगावा. मानपत्रात माझा उल्लेख 'विज्ञानमहर्षी' असा आहे. मी रसायनशास्त्राचा शिक्षक आहे. एवढी दुरुस्ती करून घ्यावी, ही विनंती.

मन भरून आले आहे वगैरे सर्व खरे आहे. ते पुढे यथावकाश येईल. आधी वस्तुस्थिती, आणि ती क्रमाने.

पहिली गोष्ट. मी, मृत्युंजय बसवराज पट्टणशेट्टी, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून या शाळेत आलो आणि या महिनाअखेरीस निवृत्त होत आहे. या काळात सहावीच्या विज्ञानाचा तास मी कोणालाही घेऊ दिला नाही.

दुसरी. त्या तासाला मी घन पदार्थांची मिश्रणे साध्या उपायांनी वेगळी करायला शिकवतो.

तिसरी. गेल्या जानेवारीत पंचधारा मंडळाची आंतरशालेय प्रयोग स्पर्धा पेठ वडगावला झाली. तीत आपल्या शाळेतर्फे सहावीची विद्यार्थिनी तेजस्वी केरबा खोत हिने भाग घेतला.

चौथी. तिला दिलेले मिश्रण तिने वेळेत वेगळे केले.

पाचवी. तिला बाद ठरवण्यात आले.

सहावी. तिला बाद करण्याचे कारण लेखी कळवावे, असे पत्र मी मंडळाला फेब्रुवारीत दिले. मार्चमध्ये स्मरणपत्र दिले. उत्तर आलेले नाही.

सातवी. त्या मंडळाचे अध्यक्ष या क्षणी माझ्या उजव्या हाताला बसले आहेत. त्यांना निमंत्रण मी दिलेले नव्हते. ते शाळेने दिले, आणि शाळेने माझ्यासाठी आजवर केलेल्या उपकारांत हा सर्वांत मोठा आहे.

यात हसण्यासारखे काही नाही. पाहुण्यांनी पाणी घ्यावे.

आता त्या तासाविषयी थोडे. माझ्या बरोबरीचे लोक विद्यापीठात विभागप्रमुख झाले. त्यांतल्या एकाने मला एका लग्नात, पंगतीत, दहा माणसांसमोर विचारले होते, "डॉक्टरेट करून पोरांना मोहरी चाळायला शिकवतोस होय रे?" माझा प्रबंध पदार्थांच्या शुद्धीकरणावर होता. मी त्यांना म्हणालो, प्रबंधाचा पहिला परिच्छेद मी रोज सहावीला शिकवतो. तुमच्या पदवीच्या मुलांना तो येत नाही, म्हणून पुढची पाने त्यांना पाठ करावी लागतात. त्यांनी पुढे जेवणाकडे लक्ष दिले.

माझ्या वर्गात पहिला नियम असा की मिश्रणाची वाटी समोर आली की हात मागे बांधायचे. कोणी चाळणीला हात लावायचा नाही. आधी सांगायचे की या दोन पदार्थांत फरक कोणता? आकारात फरक असेल तर चाळा. एक हलका, एक जड असेल तर पाखडा. एकाला लोहचुंबक ओढत असेल तर चुंबक फिरवा, पण त्याला आधी कागद गुंडाळा, नाहीतर लोखंडाचा कीस त्याला जो चिकटतो तो दिवाळीपर्यंत सुटत नाही. एक पाण्यात विरघळत असेल तर विरघळवा, गाळा, आणि पाणी गच्चीवर उन्हात ठेवा. मीठ ताटलीत परत येते. मुले मला पाठीमागे 'फरक सर' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. एकदा एकाने हात मागे बांधून विचारले होते, "सर, मीठ आन साखर मिसळली तर? दोन्ही पांढरी, दोन्ही इरघळत्यात!" मी त्याला सांगितले, बारावीनंतर ये. आला. आज तो औषधनिर्मितीच्या कारखान्यात आहे आणि पगार माझ्याहून अधिक घेतो.

मुद्दा असा की पद्धत पाठ करणे सोपे असते. फरक शोधणे अवघड, कारण त्यासाठी पदार्थाकडे पाहावे लागते.

गेल्या पावसाळ्यात याच शाळेच्या प्रयोगवर्गात मोहरी आणि तीळ यांची एक वाटी सांडली. आपली बाके जुनी आहेत, उतरत्या फळीची. संस्थेने ती बदलण्याचे आश्वासन दिलेले आहे. कधी दिले, ते अध्यक्षांना आठवत असेल. मोहरी टणाटण जमिनीवर गेली आणि सगळा वर्ग बाकाखाली शिरला. मी रागावलो. एक दाणा जमिनीवर राहता कामा नये, असे बजावले, आणि उद्याही बजावेन. सगळी मुले जमिनीकडे पाहत होती. तेजस्वी बाकाकडे पाहत होती. फळीवर तीळ तसेच बसले होते.

तिने त्या वेळी काही विचारले नाही. तिला जे समजले ते तिने जानेवारीपर्यंत जवळ ठेवले.

स्पर्धेच्या ठिकाणी शिक्षकांना आत प्रवेश नसतो. हा नियम योग्य आहे. मी अन्य शाळांच्या शिक्षकांसह खिडकीच्या गजाशी उभा होतो. लोखंडाचा कीस, मीठ, वाळू हे सारे झाले. राहिले मोहरी आणि तीळ. चाळणीतून दोन्ही जवळजवळ सारखेच जातात. सगळी मुले खाली मान घालून एकेक तीळ वेचू लागली. तेजस्वीने स्वयंसेवकाकडून चहाचे रिकामे स्टीलचे ताट मागून घेतले, पुसले, एका बाजूने किंचित उचलले, वर चिमूट चिमूट मिश्रण सोडले आणि काठावर बोटाने टिचक्या मारल्या. गोल मोहरी घरंगळून खाली वाटीत. चपटे तीळ वर.

परीक्षक आले. त्यांचे नाव मी घेणार नाही.

"हे काय चाललंय गं?"

"सर, मोहरी पळती. तीळ बसतोय."

"पुस्तकात कुठं हाय हे?"

"पुस्तकात न्हाय सर. ताटात हाय की."

आमच्या बाजूच्या खिडकीत मलकापूरहून आलेले एक गुरुजी होते. ते एवढ्या मोठ्याने हसले की आतून खिडकी लावून घेण्यात आली. माझा तर्क असा की ते हसणे नसते, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. मुलीने उलट उत्तर दिले असे परीक्षकांना वाटले असावे. तिने उलट उत्तर दिले नव्हते. विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर दिले होते, आणि ते कसे द्यायचे हे तिला मी शिकवले होते.

सायंकाळी ध्वनिक्षेपकावरून तिचे नाव वाचले गेले, आणि पुढे एक शब्द: बाद. कारण नाही.

मी सरनोबत साहेबांना दूरध्वनी केला. त्यांचे शब्द मी सांगतो. चुकलो तर त्यांनी येथेच दुरुस्त करावे. ते म्हणाले, "डॉक्टर, परीक्षक म्हणत्यात, हातानं वेचायचं हुतं." मी म्हटले, नियमपत्रकात 'योग्य पद्धतीने वेगळे करावे' एवढेच आहे, ही पद्धत अयोग्य का, ते लिहून द्या. ते म्हणाले, "सोडा की आता. एवढ्याशा गोष्टीला लिहून काय द्यायचं? पोरांचा खेळ हाय."

साहेब मान डोलावत आहेत. म्हणजे शब्द बरोबर आहेत.

खेळ असेल, तर 'बाद' हा शब्दही खेळातच राहायला हवा होता. तो राहिला नाही. तिसऱ्या दिवशी तिचे वडील केरबा खोत शाळेत आले. रोज सकाळी ते गावच्या डेअरीत दूध घालतात. पायताण दाराशी काढून, उभ्यानेच त्यांनी मला विचारले, "सर, सरळ सांगा. पोरगीनं कॉपी केली काय?"

"नाही."

"मग बाद का केली? डेअरीवर लोकं इचारत्यात. म्हंत्यात, उगं कोण बाद करतंय व्हय?"

मी म्हणालो, मी लिहून देतो. तिने काहीही गैर केलेले नाही, असे शाळेच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी देतो. खोत म्हणाले, "तुमी तिचं सर. तुमी चांगलंच लिवणार. ज्यांनी बाद केली, त्यांनी लिवाय पायजे."

मी आयुष्यात पुष्कळ युक्तिवाद ऐकले आहेत, त्यांतले बहुतेक सदोष होते. या एका युक्तिवादात मला दोष सापडला नाही. म्हणून मी पत्र लिहिले.

आणि तेजस्वी? जानेवारीपर्यंत ती वाटीकडे पाहत असे. त्यानंतर ती माझ्या तोंडाकडे पाहू लागली. चाळणी उचलण्याआधी विचारायची, "सर, ह्ये चालतंय काय?" हात वर करणे थांबले. आपणांस ही गोष्ट किरकोळ वाटेल. मला विचाराल तर एखादे मूल पदार्थ सोडून परीक्षकाच्या चेहऱ्यावर उत्तर शोधू लागले की विज्ञानाचा तास तिथेच संपतो, मग घंटा कधीही होवो.

कोणी असे समजू नये की माझी विद्यार्थिनी म्हणून मी तिची तरफदारी करतो. मी तिच्या वाट्या नंतर तपासल्या. मोहरीत तीळ राहिले होते. ताट तिने दुसऱ्यांदा फिरवायला हवे होते. मी परीक्षक असतो तर दहापैकी आठ दिले असते, नऊ नाही. परंतु पद्धत निर्दोष होती. बियाणे साफ करण्याची काही यंत्रे याच तत्त्वावर चालतात. उतरणीवरून दाणे सोडतात, गोल दाणे वेगाने पुढे जातात, चपटे मागे राहतात. हे त्या परीक्षकांना ठाऊक नसेल तर तो गुन्हा नाही. ठाऊक नाही म्हणून मुलीला बाद करणे, याला मात्र कोणता शब्द वापरायचा, ते मी श्रोत्यांवर सोडतो.

अध्यक्ष इंगवले साहेबांनी चिठ्ठी पाठवली आहे. 'आवरा.' आवरतो.

आवरण्यापूर्वी एक चांगली बातमी. माझ्यामागे सहावीचा वर्ग स्नेहल पोवार मॅडम घेणार आहेत. त्यांचे फळ्यावरचे अक्षर सुधारण्याजोगे आहे, हे मी त्यांना सांगितले आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी वर्गाला साबुदाणा आणि पोहे एकत्र करून दिले. मी मागे बसलो होतो. हात मागे, मग फरक. आणि मग एकाही मुलाने वेचायला सुरुवात केली नाही. कोणी वहीचा पुठ्ठा उतरता धरला, कोणी डब्याचे झाकण. "लई वाकवू नगंस, सगळंच पळतंय!" "अरं, टिचकी मार, ढकलतोस काय म्हशीला?" असा गोंधळ. आणि त्या गोंधळात भिंतीकडच्या बाकावरून एक आवाज आला, "आधी मूठभर घाला रं, सगळं एकदम न्हाय." आवाज तेजस्वीचा होता. तिने माझ्याकडे पाहिले नव्हते.

म्हणून मी आज समाधानाने निवृत्त होत आहे. आणि म्हणूनच सरनोबत साहेबांविषयी माझ्या मनात कटुता नाही. मलकापूरपासूनच्या शाळा जिच्यामुळे एका छताखाली येतात, ती स्पर्धा त्यांनी उभी केली. ती नसती तर कित्येक मुलांनी चुंबक केवळ चित्रात पाहिले असते. असे काम करणाऱ्या माणसाकडून मी अचूकतेची अपेक्षा ठेवतो. ज्यांच्याकडून अपेक्षा नाही, त्यांना मी पत्रे लिहीत नाही.

संस्थेने मला मनासारखे शिकवू दिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. सहकाऱ्यांनी माझा स्वभाव सोसला. तो सोसण्याजोगा नव्हता, त्यामुळे त्यांचे श्रेय अधिक. प्रयोगवर्गातल्या वाट्या ज्यांनी वर्षानुवर्षे घासून ठेवल्या, त्या चिमणाबाईंचे नाव मानपत्रात कुठेही नाही. ते मी येथे घेतो. बोलण्याच्या ओघात कोणाचा यथोचित मान राखायचा राहिला असेल, तर तो माझा दोष समजून उदार मनाने विसरून जावा. सांगितलेल्या वस्तुस्थितीत मात्र चूक आढळली, तर ती विसरू नये, मला दाखवावी.

आता शेवटचे. सत्कारमूर्तीने पाहुण्यांना काही द्यायचे नसते, हे मला माहीत आहे. तरीही सरनोबत साहेब, हे स्टीलचे ताट आणि ही पुडी आपण स्वीकारावी. पुडीत मोहरी आणि तीळ आहेत, समसमान. घरी गेल्यावर, सवडीने, आपण स्वतः ते वेगळे करावेत. हाताने एकेक वेचावेत किंवा ताट उतरते धरावे. आपणांस जी पद्धत योग्य वाटेल ती वापरण्यास आपण मोकळे आहात. घरातल्या कोणाची मदत घेतलीत तरी हरकत नाही. स्पर्धेत ती मुभा नव्हती. मग आपण कोणती पद्धत वापरली, आणि ती वापरल्याबद्दल आपण बाद ठरता की नाही, एवढे मंडळाच्या कागदावर, आपल्या सहीने लिहावे.

ते पत्र माझ्या नावाने नको. कुमारी तेजस्वी केरबा खोत, इयत्ता सातवी, या नावाने शाळेच्या पत्त्यावर यावे. शाळा जूनच्या मध्यावर उघडेल, त्याआधी यावे. ताट परत केले नाहीत तरी चालेल. उत्तर लेखीच हवे.