सामानाला खिडकी कशाला?

नाही, पण मला एक सांगा... सामानाला खिडकी कशाला लागते? तुम्ही चार घरं बघितलेली माणसं आहात, तुम्हीच सांगा! गंजलेल्या पंपाला उजेड हवा असतो? रंगाच्या अर्ध्या डब्यांचा जीव गुदमरतो? फाटक्या गादीला बाहेरची शोभा बघायची असते? नाही ना? मग आमच्या मागच्या अंगणात सामान ठेवायला म्हणून जी शेड बांधली, तिला खिडकी का? आणि तीसुद्धा पडद्याचा दांडा लावलेली! पडदा, अहो! कुणापासून लपायचंय त्या पंपाला?

बरं, ही शेड निघाली कुठून, तर आमच्या बायकोच्या डोक्यातून. म्हणजे झालं काय, तुम्हाला सांगतो, आमचं गॅरेज जे आहे ना, त्यात गाडी सोडून सगळं आहे. मोडका कूलर आहे, तीन पायांचं टेबल आहे, मुलगी शाळेत होती तेव्हाची तिची सायकल आहे, माझी सायकल आहे, नुसत्या वायरींची दोन खोकी आहेत... आता या वायरी कशाच्या ते मलाही माहीत नाही, पण वायर आहे, कधीतरी लागते! गाडी बिचारी बाहेर रस्त्याच्या कडेला, झाडाखाली. पक्षी तिच्यावर काय वाटेल ते करतात. पण गॅरेजमध्ये गाडी ठेवतात ही गोष्टच आमच्या घरात सगळे विसरले होते. हिची त्यावरून रोज कटकट. "एक दिवस सगळं भंगारात देते!" मी म्हणायचो, दे. ती द्यायची नाही. छान चाललं होतं.

आणि एक दिवस सकाळी ही माझ्यासमोर चहा ठेवते आणि म्हणते, अगदी गोड आवाजात हो, "अहो, तुमचं सामान किती कामाचं आहे. गॅरेजमध्ये धूळ खातंय. मागे छानशी शेड बांधू या का त्याच्यासाठी?"

कामाचं! माझं सामान! कामाचं! अहो, ओरडली असती तर मी समजलो असतो. चिडली असती तर मी पेपर डोक्यावर धरला असता. पण गोड बोलली! संसारात बायको विनाकारण गोड बोलली की माणसानं आधी घराचे कागद जागेवर आहेत का बघावं. मी काही बोललो नाही. पण मनात नोंद केली.

दुसऱ्याच दिवशी मेहुणा हजर. हिचा धाकटा भाऊ. या माणसाला मी आजवर स्वतःचा चहाचा कप उचलून मोरीपर्यंत नेताना पाहिलेलं नाही. आणि तो बाह्या सरसावून अंगणात उभा! "भावोजी, तुम्ही काही काळजी करू नका, तुम्ही नुसते खुर्चीवर बसा, सगळं मी बघतो!" का? का बघतोस बाबा तू? तुझं काय अडलंय? तर म्हणे, "ताईसाठी एवढं करायला नको का?" इतक्या वर्षांत ताई आठवली नाही, ती आता आठवली! मी काही बोललो नाही. खुर्ची घेतली, अंगणात बसलो, आणि नोंद केली.

मग सुतार आला. मापं घ्यायला. आता मला सांगा, शेड बांधायची मागे, तर माप कुठलं घ्यायचं? मागचं! हा गृहस्थ आला तो थेट पुढे, गॅरेजच्या दारात! टेप लावून दाराची रुंदी मोजतोय. आणि आमच्या हिला हळू आवाजात विचारतो... हळू म्हणजे काय, मी कंपाउंडपाशी झाडांना पाणी घालत होतो, मला ऐकू येईल एवढ्या हळू... "ताई, आरसा धरून मोजायचं ना?"

आणि ही म्हणते, "हो हो, आरसा धरूनच!"

आरसा? कुणाचा आरसा? माझ्या हातातला पाइप तसाच राहिला, झाडाच्या मुळाशी तळं झालं! आरसा म्हणजे काय, तर आरशाचं कपाट! म्हणजे गॅरेजमध्ये कुणीतरी राहायला येणार! कपाट घेऊन! मी म्हटलं, "काय हो, कसला आरसा?" तर सुतार हिच्याकडे बघतो, ही सुताराकडे बघते, आणि मेहुणा आभाळाकडे बघतो. "कुठे काय," ही म्हणते, "तुमचं पाणी जास्त झालंय बघा तिकडे."

मी काही बोललो नाही! पण आता नोंदी वाढत चालल्या होत्या.

शेड उभी राहायला लागली. कोबा झाला, खांब उभे राहिले, फळ्या लागल्या, वर पत्रे चढले. मी रोज जाऊन प्रत्येक खांब हलवून बघायचो. सुतार म्हणायचा, "साहेब, ओलं आहे, हलवू नका." मी म्हणायचो, "हलत नसेल तर हलवायला काय हरकत आहे?" एक खांब हलला. तो त्याच्यामुळे की माझ्यामुळे, यावर आमचं जरा झालं. आणि एका दुपारी बघतो तो, मेहुणा टेम्पोतून ही भलीमोठी खिडकी उतरवतोय! म्हटलं, "हे काय?" तर म्हणे, "भावोजी, हवा खेळती पाहिजे!" कुणासाठी खेळती पाहिजे? कोण खेळणार आहे आत?

एवढ्यावर थांबतं तर ठीक होतं. पण शेडच्याही आधीपासून हिचं एक चाललं होतं, ते आता माझ्या लक्षात आलं. रोज सकाळी फिरायला. एकटी. "मी जरा चालून येते." बरं, जा बाई. हातात पिशवी, "येताना भाजी आणते." येताना पिशवी रिकामी! घामानं निथळलेली, चेहरा लाल, आणि आल्या आल्या पाय धरून बसते. "काय झालं?" "चालून चालून पाय दुखला हो." "कुठला?" "डावा."

डावा! फक्त डावा! अहो, मला सांगा, चालून माणसाचा एकच पाय कसा दुखतो? उजवा काय रिक्षानं गेला होता? मी काही बोललो नाही. तेल दिलं. पण तेल देता देता नोंद केली.

आता आमच्या शेजारी एक बाई आहेत. त्यांना आम्ही दुर्बीण म्हणतो. गल्लीत मांजर व्यालं तरी पिल्लांचे रंग त्यांना आधी माहीत असतात. त्या कंपाउंडवरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, सांगू की नको कळत नाही..." असं म्हणणारं माणूस कधी सांगितल्याशिवाय राहिलंय? "वहिनींना पाहिलं हो मी. कारखान्याच्या मागे. गाडीत होत्या. एका माणसाबरोबर." मी म्हटलं, "कसला माणूस?" "मिशीवाला. आणि वहिनी काय हसत होत्या! मी तर त्यांना इतकं हसताना कधी पाहिलंच नाही." आणि वर, "मला काय करायचंय म्हणा!" म्हणून आत गेल्या.

झालं! सगळं जुळलं! गॅरेज रिकामं. त्यात मिशीवाला. त्याचं आरशाचं कपाट, मिशा विंचरायला. आणि मी? मी कुठे? माझ्या डोळ्यांसमोर ती शेड आली... ती खिडकी आली... तो पडद्याचा दांडा आला... हवा खेळती पाहिजे, भावोजी! अहो, ती शेड सामानासाठी नव्हतीच! सामान मी होतो!

तुम्ही हसताय. मी त्या संध्याकाळी शेडमध्ये जाऊन सामानाच्या मधल्या जागेत झोपून बघितलं. हो! सरळ झोपलो तर मावत नाही, पाय दाराबाहेर जातात. तिरका झोपलो तर मावतो, तुम्हाला सांगतो, अगदी बेताचा मावतो! मापात! आणि नेमकी ही दारात. "अहो, काय करताय?"

"माप घेतोय."

"कसलं?"

"माझं."

तिनं जरा वेळ बघितलं. "बरं," म्हणाली, "झालं की जेवायला या." आणि गेली! बघा तुम्ही. नवरा शेडमध्ये तिरका पडलाय आणि बाई जेवायला बोलावून जाते!

मग मात्र मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ही पिशवी घेऊन निघाली, की मी शेडमधून... कारण सामान तोवर तिकडे हलवलं होतं... माझी जुनी सायकल बाहेर काढली आणि निघालो मागून. त्या सायकलला ब्रेक नाही. चेन इतकी ओरडते की गल्लीतली कुत्री उठून बसतात. पाठलागाला याहून वाईट वाहन नाही! पण हिनं मागे वळून बघितलं नाही. सरळ कारखान्याच्या मागच्या मोकळ्या मैदानावर. तिथे एक छोटी गाडी उभी. गाडीत मिशीवाला! हिनं दार उघडलं, बसली... मी भिंतीआड. गाडी सुरू झाली, आणि बेडकासारखी टुणकन उडाली. थांबली. परत टुणकन. परत थांबली. मी म्हटलं, या माणसाला गाडी धड चालवता येत नाही आणि हा माझा संसार मोडणार? आणि मग गाडी वळली, आणि मला दिसलं... मिशीवाला चालवतच नव्हता! तो शेजारच्या सीटवर वरचं कडं दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून बसला होता. स्टिअरिंगवर आमची ही! आणि गाडीच्या टपावर पाटी, भल्या मोठ्या अक्षरात, "शिकाऊ"!

मी पुढे झालो. ब्रेक नाही हे विसरलो. मी तिच्याकडे चाललोय, ती माझ्याकडे येतेय. तिनं मात्र करकचून ब्रेक दाबला. मी जाऊन बॉनेटवर हात टेकले तेव्हा थांबलो.

काच खाली झाली. "अहो! तुम्ही इथे काय करताय?"

"मी? मी काय करतोय? तू काय करतेयस?"

मिशीवाला कपाळ पुसत उतरला. "नमस्कार. तुम्ही यांचे मिस्टर? बाई तयार झाल्यात बरं का! रस्त्यावर छान चालवतात. क्लचवर पाय जरा जोरात पडतो, एवढंच." क्लच! डावा पाय! "फक्त रस्त्याच्या कडेला दोन गाड्यांच्या मधे लावता येत नाही. मीच म्हटलं त्यांना, सरळ आत घालायला गॅरेज असेल तर प्रश्नच मिटला. आरसे धरून माप घेऊन ठेवा म्हटलं."

आरसे. गाडीचे आरसे, अहो. दोन कानांसारखे असतात ना, ते!

मी म्हटलं, "अगं पण मला सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवलं असतंत."

यावर मिशीवालासुद्धा मान डोलवायला लागला. त्याला काय माहीत मी कसा शिकवतो? पण ते जाऊ दे. मी म्हटलं, "या वयात हे कशाला? मी आहे ना चालवायला?"

तेव्हा हिनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. आणि मग म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या छातीत दुखायला लागलं. तुम्ही स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेलात. एक हात छातीवर, एक स्टिअरिंगवर. घामाघूम. आणि मी शेजारी बसून काय करत होते? सिग्नल हिरवा झाला की तुम्हाला सांगत होते, झाला हो, झाला. मला तेवढंच येत होतं."

"अगं, पण ती तर ॲसिडिटी निघाली!"

"ते तिथे पोचल्यावर कळलं," ती म्हणाली. "रस्त्यात नव्हतं माहीत."

मी काही बोललो नाही. या वेळी नोंदही केली नाही. बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो नुसता. बॉनेट गरम होतं. मिशीवाला भला माणूस, तो लांब जाऊन उगाच टायर बघत बसला. मी म्हटलं, "तुझा पाय फार दुखतो का गं?" म्हणाली, "आता कमी झालाय."

तर असं ते प्रकरण. आणि ती खिडकी? ती निघाली मेहुण्याच्या जुन्या घराची. दांड्यासकट! त्याच्या बायकोनं सांगितलं होतं, ही अडगळ घरातून काढा. त्याची खिडकी आमच्याकडे, त्याची फाटकी गादी आमच्याकडे, आणि आत ज्या पंपाला मी आपला समजून तेल घालत होतो, तोही त्याचाच! ताईसाठी एवढं करायला नको का!

तर आता हिला लायसन्स मिळालंय. गाडी हीच चालवते. मी शेजारी बसतो, आणि जिथे ब्रेक नाही तिथे पाय दाबतो. घरी आलो की गॅरेजच्या दारात गाडी थांबवते, मला उतरवते, म्हणते, "आत जाऊन उभे राहा आणि जागा सांगा." मी उभा राहतो. हात करतो. "येऊ दे... येऊ दे... भरपूर आहे... येऊ दे..." आणि ही काय करते? अर्ध्यात गाडी थांबवते. हँडब्रेक ओढते. खाली उतरते. या बाजूनं बघते, त्या बाजूनं बघते, भिंत आणि आरसा यांच्यामध्ये हात घालून बघते, माझ्याकडे एकदा बघते, आणि मग परत जाऊन बसते. रोज! अहो, सख्खा नवरा समोर उभा राहून सांगतोय, की जागा आहे!

इतकी संशयी बाई झालीय हो... कुणाकडून शिकली, देव जाणे!