दोन कोअर की एक?

ऑपरेशन थिएटरबाहेर मी मनातल्या मनात जप करत बसले होते. शेजारी हृदयाच्या ऑपरेशनसाठी स्ट्रेचरवर निजलेल्या भावाशी त्याची धाकटी बहीण भांडत होती.

“दादा, कॉम्प्युटरच्या त्या ग्राफिक्स चिपमध्ये भाग दोन असले, तरी कामं वाटून देणारा मेंदू एकच आहे. मग ती ड्युअल-कोअर कशी?”

“दोन्ही भाग आपापलं गणित सोडवतात ना? मग दोन कोअरच!”

“हट्टी कुठला!”

“तुझाच भाऊ.”

नर्स आली. “चला, आत घ्यायचंय.”

“ठमे, तुझंच खरं गं. एकच कोअर.”

“असं नको ना बोलूस! आजवर कधी ऐकलंस माझं?”

“रडतेस काय? जिंकलीस की!”

“मला नाही जिंकायचं. तू बाहेर ये आणि भांड.”

“बरं बाई, दोनच आहेत.”

“एकच!” दार मिटेपर्यंत ती म्हणत राहिली. “एकच, दादा, एकच!”