चाखलेली पेज

नाही, नाही, गॅसजवळ जाऊ नको दीपिका, तू त्या स्टुलावर बस — पेज मी ठेवली आहे. हौ, मीच. अशी पाहू नको. तीन महिने तू या घरात रांधून राह्यली अन् मले एकदाही गॅस पेटवताना पाह्यलं नाही, तुले वाटलं असेल बाईले काही येतच नाही. सूनबाईनं काय सांगितलं होतं तुले — सासूबाई थकल्या म्हणून? थकली होती, खोटं नाही. सोमवार वेगळा, गुरुवार वेगळा, चतुर्थी वेगळी — उपासाचं एका बाजूनं, घरधन्याचं, यायचं ताट दुसऱ्या बाजूनं. अन् नैवेद्याच्या आधी चाखायचं नाही, ही माझ्या आईनं लावलेली शिस्त. बत्तीस वर्षं जिभेवर थेंब ठेवला नाही. अंदाजानं मीठ टाकलं, देवापुढे ठेवलं, मग यायले वाढलं. अन् पहिल्या घासाले हे म्हणत, मीठ. सिंचाई विभागात मोठ्या आवाजाचा माणूस, जेवताना मात्र एकच शब्द. कमी असो का जास्त असो, शब्द तोच — चेहरा पाहून आपण ओळखायचं.

यंदाच्या श्रावणात तर कणकीत हात घातला की वाटे, हात इथंच ठेवून निघून जावं. पोळ्याच्या दिवशी पुरण वाटून राह्यली होती, तर यायनं बाहेरून विचारलं, वरणात मीठ पाह्यलं का — अन् मी देवासमोर गेली अन् म्हणाली... काय म्हणाली ते सूनबाईले माहीत नाही, पोराले, राहुलले माहीत नाही, तुले काहून सांगून राह्यली मलेच समजत नाही. म्हणाली, देवा, एकदाचं यायचं तोंड बंद कर अन् माझे हात सोडव. चौथ्या दिवशी यायचं तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. देवानं दोन्ही ऐकलं. लोक म्हणत, आता आराम करून राह्यली. आराम नव्हता वो, भीती होती — या हातचं यायच्या पोटात गेलं तर आणखी काय होईल.

तुझ्या खिचडीत दोष नाही. पण परवापासून यायनं दात मिटले, तू पाह्यलंच. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत तोंडानं काही गेलं नाही तर पुन्हा नाकातून नळी. मागच्या वेळी नळी टाकताना यायनं माझा पदर धरला होता — सोडवता सुटेना.

सकाळी गावाकडच्या डोमाजीभाऊनं किरनापुरहून नवा चिन्नोर, वासाचा तांदूळ पाठवला. पिशवीत नाक घातलं, उगाच. मग मूठभर धुतला. मग गॅस पेटवला — काहून, विचारू नको. पाणी उकळलं, वास उठला, अन् बाई, माझे खांदे खाली आले. तीन महिने आखडलेले खांदे. पळी फिरवता फिरवता मी गुणगुणून राह्यली होती, लाज वाटली. अन् मग — तळहातावर थेंब घेतला अन् चाखला. देवाच्या आधी. मार्गशीर्षातला गुरुवार, अन् मी. मीठ थोडं कमी होतं, टाकलं, पुन्हा चाखलं. बरोबर. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मले माहीत होतं की बरोबर आहे. देवाले सांगितलं, उष्टं आहे, राग धरायचा तर माझ्यावर धर, यायच्यावर नको.

चाल, वाटी घे, यायच्या खाटेजवळ. उशी थोडी वर कर — हां. अहो, नवा तांदूळ आहे, डोमाजीच्या वावरातला. तोंड उघडा. एवढंसं. — नाही उघडत. दीपिका, नाही उघडत. अहो, तिनं नाही, मी केली आहे. मी. वास तर घ्या. — घेतला. घोट घेतला वो, गळा पाह्य, गिळला. आणखी एक. — थांब, काहीतरी म्हणून राह्यले. चूप. मी... मी काय? अहो, पुन्हा म्हणा.

मीठ.

मीठ बरोबर आहे, अहो. मी चाखलं आहे. — रडत नाही, वाफ आहे. दीपिका, मिठाची बरणी आण. टाकल्यासारखं करते, दाखवायपुरतं. अन् तू जा आता. सूनबाईले आत्ताच फोन करू नको. जा म्हटलं ना.