चार मिनिटांची मंजुरी

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या बंदरावरच्या आयात अन्न तपासणी कार्यालयाचे संचालक माननीय ताक साहेब; पहाटेची गाडी पकडून राजधानीहून आलेले मंत्रालयातले पाहुणे; व्यासपीठावरचे सर्व मान्यवर; आयातदार संघातले माझे बंधू, जे आत्ता मनातल्या मनात 'ही पूडवाली तिथे काय करतेय' म्हणतायत; आणि या बंधूंना वर्षानुवर्षं सांभाळून घेणाऱ्या माझ्या भगिनींनो,

मी मेंग ओक-सुन. चौतीस वर्षं एकच धंदा केला. येनब्यॉनच्या गिरणीतून दुल्क्याची, त्या तिळासारख्या तेलबीची, पूड आणायची आणि या शहरातले रस्से दाट करायचे. तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी बंदरामागच्या गल्लीत बसून हाडांचा रस्सा ओरपलाय, त्यांच्या पोटात मी कधी ना कधी गेलेलीच आहे.

आधी या फुलाबद्दल आभार. टाचणी जरा टोचतेय, पण सत्कार म्हटला की एवढं चालायचंच. मानपत्र तर फारच सुंदर आहे. सोल मॅडम वाचत होत्या तेव्हा मला वाटलं, ही कोण बरं गुणाची बाई? 'सलग पाच वर्षं, एकशे दोन खेपा, एकही त्रुटी नाही. स्वयंचलित तपासणीच्या यशाचं चालतंबोलतं उदाहरण.' आता चालण्याचं म्हणाल, तर माझे गुडघे केव्हाच संपावर गेलेत. बोलणं तेवढं उरलंय, आणि आज त्याचंच काही खरं दिसत नाही. पण ते असो.

जुन्या मंडळींना आठवत असेल, पूर्वी इथे कागद माणसं वाचायची. एक साहेब होते, नाव घेत नाही, ते कागद नाकाला लावून वाचायचे. भर उन्हाळ्यात त्यांना माझ्या लेबलावरचं एक अक्षर पुसट वाटलं. अकरा दिवस पोती यार्डात! दुल्क्याची पूड तेलकट, ऊन लागलं की खवट होते. मी काउंटरवर उभी राहून त्यांना काय काय बोलले ते या सभ्य सभेत सांगता येणार नाही. ते शांतपणे म्हणाले, "बाई, ओरडून अक्षर गडद होत नाही." गेले बिचारे. गेले तीन दिवस मला त्यांची फार आठवण येतेय.

मग यंत्र आलं. सोल मॅडम तेव्हा नव्यानेच लागल्या होत्या. त्यांनी मला समजावलं, "मावशी, तीच वस्तू, तीच गिरणी, तेच घटक आणि मागची नोंद स्वच्छ असली, की यंत्र माणसाला विचारायलाच जात नाही. स्वतःच शिक्का मारून मोकळं होतं." मी म्हटलं, अगं, माझा नवरा चाळीस वर्षांत तीच भाजी तशीच लागली असं एकदाही म्हणाला नाही, तुझं यंत्र कसं म्हणेल? पण म्हणालं. पहिल्या खेपेला मी अर्ज पाठवून चहा गाळायला उठले, परत येऊन बसते तो मंजुरी! चार मिनिटं! चूक झाली असेल म्हणून मीच घाबरून कार्यालयात फोन केला. खरं सांगते साहेब, त्या दिवशी मी रडले. अकरा दिवसांच्या जागी चार मिनिटं म्हणजे काय, ते ज्याची पोती खवटलीयत त्यालाच कळतं. या सोयीबद्दल आपलं आणि आपल्या कार्यालयाचं मनापासून कौतुक. ते मी आधीच करून ठेवते, कारण नंतर जमेल असं वाटत नाही.

माझ्या गिरणीवाल्याचंही नाव इथे घ्यायला हवं. ब्योन काका. आपल्याच भाषेतले, पण नदीपलीकडच्या देशात, येनब्यॉनला जन्मलेले. त्यांच्या गावच्या गिरणीत दुल्क्याशिवाय दुसरा दाणा जात नसे. कुणी मिरची दळायला आणली तर ते त्याला काठी दाखवायचे. अडीच वर्षांपूर्वी काका जिन्यावरून पडले आणि त्यांच्या मुलानं, ह्योकनं, गिरणी उचलून तालुक्याला नेली. नवा कारखाना, नवी यंत्रं. मला फोन करून म्हणाला, "काकू, माल तोच, फक्त पत्ता बदला."

फक्त पत्ता! मी बसले संगणकासमोर. नवा पत्ता घातला. पडद्यावर लाल चौकट आली: 'ही खेप स्वयंचलित तपासणीतून बाहेर जाईल. पुढे जायचं का?' नवी गिरणी म्हणजे पहिल्यापासून सगळं. प्रयोगशाळा, नमुने, बारा-पंधरा दिवस. आणि माझी गिऱ्हाइकं दोन दिवस थांबत नाहीत. शेजारच्या गोदामवाल्याकडे जातात आणि मग परत येत नाहीत. मी 'नाही' दाबलं. जुना पत्ता घातला. चार मिनिटं.

राजधानीच्या पाहुण्यांनी लिहिणं का थांबवलं? लिहा, लिहा. पुढेही आहे.

मी स्वतःला म्हटलं, बोट घसरलं, पुढच्या खेपेला खरं लिहू. पण बोट एकतीस वेळा घसरत नाही. पुढच्या खेपेला खरं लिहायचं तर मागची खोटी होती हेही लिहावं लागणार. त्याच्या पुढच्या खेपेला दोन खोट्या. आणि गंमत बघा, प्रत्येक खोट्या कागदावर यंत्र मला 'स्वच्छ' म्हणत होतं, आणि त्या स्वच्छतेवर पुढची खेप आणखी निवांत सुटत होती. इतकी बिनचूक मी खरं लिहीत होते तेव्हाही नव्हते! तेव्हा निदान कुठेतरी खाडाखोड असायची.

सोल मॅडम, तुम्ही मान खाली घालू नका. तुम्हाला काही ठाऊक नव्हतं. मी वसंतात फाइल घेऊन तुमच्याकडे आले होते, आठवतं? सगळं सांगायचं ठरवूनच आले होते. तुम्ही मला बघून खुर्चीतून उठलात. "मावशी, बरं झालं आलात! ताक साहेबांनी राजधानीत तुमचीच नोंद पडद्यावर दाखवली. म्हणाले, हिच्यात खोट काढून दाखवा! कुणाला निघाली नाही."

मी म्हटलं, "अगं, ते गिरणीच्या पत्त्याचं जरा..."

"पत्त्याला हात लावू नका हं! एक अक्षर हललं तरी यंत्र तुम्हाला नवं धरतं. आमच्या आदर्श आयातदारालाच रांगेत उभं करू का? सत्कार होईपर्यंत दम काढा."

मी बार्लीचा चहा प्यायले आणि फाइल काखेत मारून घरी आले. भित्री आहे मी. परवाना जाईल, तुरुंग होईल, गोदामातल्या सहा बायका घरी बसतील, जावई माझं तोंड बघणार नाही, सगळं डोळ्यांपुढे आलं. वर मनाची समजूत घालायला सोपं होतं, कारण माल खरंच तोच होता. दुल्केच. कुणाला साधी ढेकर आली नव्हती.

आता सोमवारचं सांगते.

ब्योन काका गेल्या वर्षी वारले. त्यांचं वर्ष होतं, म्हणून मी येनब्यॉनला गेले. थडग्यावर दारू ओतली, दोनदा डोकं टेकलं. मग ह्योक म्हणाला, "काकू, चला, कारखाना दाखवतो." अडीच वर्षांत मी तो पाहिलेलाच नव्हता. चकचकीत आहे. दाराशीच पोत्यांची थप्पी, आणि एक पोतं फाटलेलं. त्यातून शेंगदाणे सांडले होते.

मी विचारलं, "हे कुणाचं?"

"आपलंच! पंधरा दिवस झाले. सकाळी शेंगदाण्याचा कूट, दुपारनंतर दुल्के."

"त्याच दळणीवर?"

"मग? दोन दळण्या घ्यायला मी काय आमदार आहे? मध्ये ब्रश मारतो ना, काकू. उलट वास छान येतो."

मी तिथूनच गोदामात पिल-सुनला फोन लावला. म्हटलं, ही खेप यार्डातून उचलू नकोस. ती हसली. "कुठली खेप, बाई? सकाळी नवाला मंजूर झाली, दुपारी बाराच्या आत साठही पोती वाटून झाली. चार मिनिटं लागली!" तिला किती अभिमान वाटत होता! तो कागद नाकाला लावणारा माणूस असता, तर माझी पोती अजून यार्डात उन्हात पडलेली असती, आणि मी त्याला इथे उभी राहून आशीर्वाद दिले असते.

मंगळवारी सकाळी परत आले. दोन दिवस दारोदार फिरले. 'पूड खवट निघालीय, परत द्या' असं सांगत छप्पन्न पोती गोळा केली. राहिली चार. ती वी जेदोक नावाच्या आचाऱ्याकडे आहेत. जेदोक तीन बालवाड्यांना दुपारचं जेवण पुरवतो. भला माणूस, कामाला फार चोख. त्याच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक यादी आहे, कुठल्या मुलाला काय चालत नाही त्याची. काल संध्याकाळी मी त्या यादीसमोरच उभी होते. शेंगदाण्यापुढे एकच नाव आहे. सो-दाम, वय चार. गेल्या वर्षी एका बिस्किटानं तिचा घसा सुजला होता, रुग्णवाहिका आली होती. तेव्हापासून जेदोक प्रत्येक पोत्याचं लेबल स्वतः वाचतो.

मी म्हटलं, "जेदोक, ती चार पोती दे. खवट आहेत."

त्यानं चिमूटभर तोंडात टाकली. "मावशी, उत्तम आहे की!"

"अरे, दर्जा बरोबर नाही."

त्यानं फोन काढला, सरकारी पान उघडलं आणि माझ्याच नाकासमोर धरलं. "हे बघा. तुमचं नाव. घटक, दुल्के शंभर टक्के. सोमवारी मंजूर. वर तारा पण दिलाय तुम्हाला! सरकार चांगलं म्हणतंय आणि तुम्ही वाईट म्हणताय? दुसऱ्या कुणी जास्त भाव दिला का, सांगा खरं." आणि हसला.

तेव्हा 'शेंगदाणा' हा एक शब्द उच्चारायचा होता. तो निघाला नाही. चौतीस वर्षं या गल्लीत माझा आवाज चार दुकानांपलीकडे ऐकू जातो, आणि तो एक शब्द निघाला नाही. मी नमस्कार करून घरी आले. आज सकाळी सहापासून त्याला फोन करतेय. उचलत नाही, त्याची स्वयंपाकाची वेळ. फक्त निरोप आला: 'अभिनंदन मावशी! सत्काराचा फोटो पाठवा, स्वयंपाकघरात लावतो.'

इथे यायला निघाले तेव्हाही वाटत होतं, सत्कार उरकेल, मग काहीतरी करू. फूल लावून घेतलं. मानपत्र ऐकलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मी वाकून नमस्कार केला. आणि मग समोर घड्याळ दिसलं. आज गुरुवार आहे. जेदोककडे गुरुवारी दुल्क्याचा रस्सा असतो. पानं बाराला वाढतात. आता अकरा पंचेचाळीस झालेत, आणि इथे उभी राहिल्यापासूनची बरीच मिनिटं मी तुमचं कौतुक करण्यात घालवलीत. का, ते तुम्ही ओळखलंच असेल.

ताक साहेब, बसून राहा, मला पूर्ण करू द्या. सोल मॅडम, लिहून घ्या. एकतीस खेपा, पत्ता खोटा. शेवटच्या खेपेत शेंगदाणा. सही मी इथेच करते, हवी तर या मानपत्राच्या पाठीवर करते. बालवाड्यांना फोन तुम्ही लावा. तिन्हींचे नंबर या चिठ्ठीवर आहेत, सकाळीच लिहून ठेवले होते.

आपण सर्वांनी माझ्यासारखीचा मान राखलात, शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना कुणाला लागलं असेल, क्रम चुकला असेल, तर तेवढ्याची क्षमा असावी. बाकीच्याची क्षमा मी इथे मागत नाही. ज्यांची आहे त्यांच्या दारात जाऊन मागेन.

एक मात्र कराच, साहेब. जेदोकला मी कितीही ओरडून सांगितलं तरी पटायचं नाही, कारण सरकारी पानावर मी बिनचूक आहे. त्या पानावर सही तुमची आहे. तुमचं ऐकेल तो. हा माझा फोन घ्या, मी मघापासून इथे टेबलाआड लावतेय.

घ्या, साहेब. उचललाय त्यानं.