आंबेघरच्या केशवराजाचा डावा खांदा

बसा मंडळी, बसा. मागे खांबाला टेकलेले आजोबा, पुढे या, इथे सतरंजी मोकळी आहे. पखवाजवाले बुवा, तुम्ही जरा हात आवरा. आख्यानाच्या आधी आज मला एक प्रश्न विचारायचाय. प्रश्न सोपा आहे. उत्तर अवघड आहे.

तुम्हाला देव कसा हवा? देखणा हवा — की खरा हवा?

दोन्ही? वा! लबाड आहात! बाजारात वांगी घेताना देखणी आणि खरी दोन्ही मिळतात का हो? वरून चकचकीत, आत कीड! तिथे तुम्ही बोटाने दाबून बघता. मग देवाच्या बाबतीत, माणसाच्या बाबतीत का नाही बघत? आता हेच बघा — पहिल्या रांगेतले सहा-सात जण मला फोनमधून बघतायत. अरे, मी इथे चार हातांवर उभा आहे, जिवंत आहे! मला सोडून माझ्या फोटोकडे काय बघता? बघा, बघा. आज आख्यान तुमच्याच हातातल्या वस्तूचं आहे.

ऐका तर मंडळी.

आंबेघर नावाचं गाव. डोंगराच्या कुशीत दीडशे उंबरा. गावाच्या वरच्या अंगाला केशवराजाचं देऊळ. काळ्या पाषाणाची मूर्ती, पुरुषभर उंच, चतुर्भुज! आणि त्या देवाचे पुजारी रखमाजी गुरव. वय पासष्ट. बाप पुजारी, आजा पुजारी. देवाला न्हाऊ घालायचं, गंध लावायचं, नैवेद्य दाखवायचा, त्यात जन्म गेला. पण हल्ली दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गाभाऱ्यात समईच्या उजेडात देव म्हणजे नुसती एक काळी सावली! ऑपरेशनला म्हातारा भीत होता. भीती माणसाला असते मंडळी, पुजाऱ्यालाही असते.

मग देव दिसायचा कुठे? फोनमध्ये!

देवस्थानाने दोन वर्षांपूर्वी एक फोन घेतला होता. त्याचं नाव गरुड-नऊ. हसू नका! देव गरुडावर बसतो हे आपण ऐकलंय, इथे देव गरुडात जाऊन बसला! रोज सकाळी सात वाजता पूजा झाली की रखमाजींनी फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. पुण्याला, सुरतेला, दुबईला गेलेली आंबेघरची सगळी लेकरं चहाच्या आधी दर्शन घेणार. आणि रखमाजी काय करायचे? फोटो गेला की पायरीवर बसायचे, दोन बोटांनी तो मोठा करायचे, आणि डोळ्यांजवळ धरून आपल्या देवाकडे बघत बसायचे. आधी मुखकमल. मग हातातलं चक्र. मग खांदे. रोजचा नेम!

आणि एके दिवशी खांद्यापाशी बोटं थांबली.

डाव्या खांद्यावर — एक रेघ. केसाएवढी. काखेपासून वर चढलेली. काल नव्हती... का काल होती?

रखमाजींनी उपरण्याने काच पुसली. रेघ तिथेच! खंडित मूर्तीची पूजा होत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. हात निखळला तर देव गेला! देव पाण्यात सोडायचा, दुसरा आणायचा. आणि ज्याच्या पिढीत देव फुटला, तो गुरव म्हणून आपलं नाव गावाच्या तोंडी राहायचं!

आता तुम्ही म्हणाल, बुवा, त्यात काय एवढं? उठायचं, आत जायचं, खांद्यावर हात फिरवून बघायचं. आहे तर आहे, नाही तर नाही!

अहो, तेच तर त्यांनी केलं नाही! का नाही केलं? हात लावला आणि चीर लागली तर? छातीत गाठ आहे असं वाटत असून डॉक्टरकडे न जाणारी माणसं तुमच्या घरात नाहीत का? तशीच ही गत. पूर्वी रखमाजी रोज देवाला तेल लावायचे, उघड्या तळहाताने, बाळाला लावावं तसं. पण तेलाने फोटोत चकाकी येते म्हणून देवस्थानाने ते बंद केलं होतं. तेल आता फक्त उत्सवाला. रोज पाणी घालून फडकं फिरवायचं, संपलं! हात सुटला होता मंडळी. हात सुटला की जीव धास्तावतो.

बायको गोदाक्का. तिच्या लक्षात आलं, म्हातारा दिवसातून एकदाच जेवतोय.

"आवं, काय नवस बोललाय का काय?"

"बोललोय."

"कशापायी?"

"ते इचारू नगंस."

एकच मागणं होतं त्यांचं — 'देवा, तुझं अंग तूच भरून काढ!'

आणि मंडळी, नवव्या दिवशी गावात नवा फोन आला. गरुड-दहा!

सुरतेच्या एका भक्ताने पाठवला. जुना परत घेऊन नव्यावर सवलत असते ना, तसा जुना दुकानात जमा झाला. देवस्थानाचे अध्यक्ष दौलतराव मोहिते यांनी नव्या फोनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दौलतराव माणूस वाईट नव्हता हो. उत्साही माणूस! देवळाला रंग त्याने दिला, पाण्याची टाकी त्याने बांधली. पण उत्साही माणसाला एक खोड असते, त्याला थांबता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाजींनी नव्या फोनने पहिला फोटो काढला. काय सांगू! जुन्या फोनमध्ये देव धुरात उभा असायचा. नाकावर काजळी, गालावर ओघळ, निम्मं अंग अंधारात. नव्यात? समई तीच, गाभारा तोच — पण देव असा उजळला, जणू आत सूर्य उगवलाय! अंग तुकतुकीत, लोण्यासारखं!

रखमाजींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मुखकमल. चक्र. डावा खांदा...

रेघ नाही!

पुन्हा बघितलं. नाही! कालचा, जुन्या फोनचा फोटो उघडला. आहे. आजचा उघडला. नाही! म्हातारा पायरीवर कपाळ टेकून ढसाढसा रडला. "गोदे! अगं गोदे! देवानं ऐकलं गं माझं! चीर पडली हुती, देवानं भरून काढली!"

मंडळी, तुमच्या ध्यानात आलं ना काय झालं होतं? त्या नव्या फोनला चेहरा ओळखता येतो. समोर माणूस दिसला की त्याचे डाग पुसायचे, सुरकुत्या घालवायच्या, अंग गुळगुळीत करायचं. कोणाला न विचारता! त्या बिचाऱ्याला काय ठाऊक की हा देव आहे? त्याने देवालाही लग्नातल्या नवरीसारखं नटवलं!

पण ज्याने नऊ दिवस उपास काढला, त्याला हे सुचणार कसं? आणि सुचलं तरी पटणार कसं? आपल्याला जे हवं तेच समोर दिसलं की शंका घेववत नाही.

गोदाक्काने पाणवठ्यावर सांगितलं. पाणवठ्यावरून दौलतरावांकडे गेलं. दौलतरावांनी काय करावं? दोन्ही फोटो शेजारी-शेजारी जोडले. खाली लिहिलं — 'पूर्वी' आणि 'आता'. आणि दिलं ग्रुपवर सोडून! अहो, तुलना होती दोन फोनांची — आणि जगाला वाटलं, दोन दिवसांच्या देवाची! पंधरा दिवसांत आंबेघरला रांगा लागल्या. गाड्या लावायला जागा पुरेना. जो तो रखमाजींच्या पाया पडतोय. आणि दौलतरावांनी जाहीर केलं: वैशाखातल्या द्वादशीला केशवराजाला सहस्र घागरींचा अभिषेक!

हजार घागरी मंडळी! वरून ओतायच्या. त्या खांद्यावर!

थांबा. इथे दोन ओळी म्हणूया. ओळी माझ्याच आहेत, चुकल्या तर बोल मला लावा.

*दिव्यामध्ये देव गोरा, धुरामध्ये देव काळा ।*
*हात लावून जो पाही, त्याचा देव रे निराळा ॥*

म्हणा! ...हां.

द्वादशीची सकाळ उजाडली. अंगणात माणूस मावत नाही. तांब्या-पितळेच्या घागरी रांगेने मांडलेल्या, नदीपर्यंत. सनईवाला बसलेला. आणि गाभाऱ्यात रखमाजी एकटे. अभिषेकाच्या आधी देवाला तेल लावायचं. दोन वर्षांत उत्सवाचे दिवसही घाईत गेले होते, फडक्यानेच तेल टेकवून झालं होतं. आज म्हणाले, नाही, आज हाताने. देवाने एवढं केलं माझ्यासाठी!

तळहातावर तिळाचं तेल घेतलं. पायांना लावलं. पोटऱ्या, मांड्या, कंबर. हाताला ओळख पटत गेली. बापाने हाच हात धरून शिकवलं होतं, इथे दाब, इथे हळू. छाती झाली. उजवा खांदा झाला. हात डावीकडे गेला...

अंगठ्याचं नख अडकलं.

रखमाजींनी डोळे मिटले. नख पुन्हा फिरवलं. नख आत गेलं, मंडळी! केसाएवढी कुठली? आता गव्हाचा दाणा बसेल एवढी चीर! काखेपासून गळ्यापर्यंत! आणि तिच्यातून कालच्या स्नानाचं पाणी झिरपत होतं, थंडगार. म्हातारा देवाच्या खांद्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला. त्यांच्या तोंडातून एवढंच आलं — "लई दुखत आसंल रं तुला. आन म्या बघितलंच न्हाई."

बाहेर सनई सुरू झाली. दौलतराव पहिली घागर खांद्यावर घेऊन उंबऱ्यात आले.

आता सांगा मंडळी, काय करावं या माणसाने? बोलावं, तर चमत्कार खोटा ठरतो. आणि तो चमत्कार याच्याच तोंडून निघालेला! पाच हजार माणसं बाहेर उभी. ढोंगी म्हणतील, पूजा काढून घेतील. न बोलावं, तर कोणालाच काही कळणार नाही. खांदा निखळला तर म्हणायचं, देवाची इच्छा! किती सोपं आहे बघा. 'देवाची इच्छा' या दोन शब्दांमागे आपण काय काय लपवतो!

दौलतरावांनी घागर उचलली. "बोला केशवराज महाराज की..."

आणि रखमाजी मध्ये शिरले! देवाला पाठीशी घातलं, दोन्ही हात पसरले. घागर कलंडली होती, थांबली नाही. सगळं पाणी त्यांच्या डोक्यावर!

"गुरवकाका! ह्ये काय करताय?"

"पानी घालू नका दादा. देवाचा खांदा फुटलाय."

"काय बोलताय! तुमीच म्हनला हुता ना, भरून आला म्हनून!"

"म्हनलो हुतो. चुकलो."

दौलतरावांनी आवाज खाली आणला. "काका, बाहीर पाच हजार मानूस हाय. गप ऱ्हावा. फोटोत चीर न्हाई!"

"फोटोत न्हाई दादा. अंगात हाय."

असं म्हणून रखमाजींनी त्याचं बोट धरलं. अध्यक्षाचं बोट, अंगठीवालं! धरलं आणि देवाच्या खांद्यावर नेऊन ठेवलं. दौलतराव तोंडाने काहीतरी बोलत होते, ते बोट चिरेत गेल्यावर थांबले. रखमाजींच्या अंगावरून पाणी निथळत होतं.

मग दौलतरावांनी रिकामी घागर खाली ठेवली आणि स्वतः बाहेर जाऊन सांगितलं. होय, स्वतः सांगितलं! त्याचंही श्रेय त्याला द्या. लोक काय म्हणाले? जे म्हणायचं तेच. कोणी शिव्या दिल्या, कोणी "म्हातारा भामटा" म्हणालं, कोणी घागरी तिथेच उपड्या करून गाडीत बसलं. संध्याकाळपर्यंत अंगणात आंबेघरचीच माणसं उरली. रखमाजी सगळ्यांसमोर हात जोडून उभे होते.

चार दिवसांनी वज्रलेप करणारे, दगडी मूर्तीच्या चिरा भरणारे कारागीर आले. त्यातल्या थोरल्याने चीर पाहिली, दगडाला कान लावून बोटाने ठोकून बघितलं, आणि म्हणाला, "वीस-पंचवीस घागरींत हात पायाशी आला असता. फुटलेला नाही, भेगाळलाय. भरता येईल." सव्वा महिना दार बंद राहिलं. शास्त्रीबुवांनी विधी केले. देव राहिला, मंडळी! आंबेघरचा देव आंबेघरातच राहिला!

पण लेपाची रेघ राहिली. डाव्या खांद्यावर काळपट, उंचवट्याची. जवळ गेलं की दिसते, हात लावला की लागते. आणि गंमत सांगू? फोटो रोज सकाळी सातला अजून जातो, त्याच नव्या फोनमधून. त्यात ती रेघ नाही! दूर बसलेल्यांचा देव अजून गुळगुळीत आहे. ज्याला खरा देव बघायचाय, त्याला आंबेघरचा घाट चढून यावं लागतं.

झालं आख्यान. आता माझं ऐका.

फोन वाईट नाही. गरुड-नऊ वाईट नाही, गरुड-दहा वाईट नाही, उद्या अकरा येईल, घ्या. काचेने तिचं काम केलं. पण रखमाजींची चूक एकच झाली — हात पोचत होता, आणि त्यांनी हात लावला नाही.

तुमचं काय? तुमचा भाऊ रोज सकाळी ग्रुपवर फुलांचं चित्र टाकतो, तुम्ही रोज त्याला हात जोडलेलं चित्र पाठवता. तो कर्जात आहे का आजारात आहे, ठाऊक आहे? लेकीने सासरहून हसरा फोटो पाठवला, तुम्ही शेजाऱ्यांना दाखवला. तिच्या खांद्यावर शेवटचा हात कधी ठेवला होतात? बायको समोर ताट वाढते. तिचे डोळे सुजलेत, हे तुम्हाला दिसलं होतं ना? दिसलं होतं! विचारलं का नाही? विचारलं आणि चीर लागली तर, म्हणून! अहो, न विचारल्याने चीर भरत नाही. तिच्यात रोज पाणी मुरतं. आणि एक दिवस तुम्हीच मोठ्या हौसेने समारंभ करता, आणि तुमच्याच हातच्या पाण्याने माणूस निखळून पडतं.

आता नामघोष करूया. एरवी मी सांगतो, डोळे मिटा. आज मिटू नका. टाळी वाजवा, नाम घ्या, आणि शेजारी कोण बसलंय, ते नीट बघा.