कोळसुंद्याच्या घाटातली सोबत

ऐका. मोबाईल बघायचा असेल तर आत्ताच बघून घ्या. भुताला नेटवर्क लागत नाही.

गणोजी ढमाले आल्याची पोती पिकअपमध्ये भरून, अंधार पडल्यावर कोकणात निघाला. माणूस भारी संशयी. देवळात घंटा वाजवली तरी खरंच वाजली का म्हणून वर बघणारा. गाडी नवी, स्टेअरिंगखाली एक्झॉस्ट ब्रेकची दांडी. उताराला दांडी ओढायची, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, की इंजिनच गाडीला मागे धरतं. पायातला ब्रेक थंड राहतो. पण ती ओढली की इंजिन घशात घास अडकल्यासारखा आवाज करायचं. म्हणून गणोजीचा तिच्यावरही संशय.

घाटमाथ्यावरच्या म्हसोबापुढे विडी ठेवायची, ही आपल्याकडच्या ड्रायव्हरांची रीत. गणोजीनं ठेवली. वळून बघतो तर गाडीत शेजारच्या सीटवर एक म्हातारा. विडी त्याच्या तोंडात.

"खाली सोडा की मालक."

गणोजीनं आधी पाय बघितले. सुलटे होते. भुतंही आता सुधारलीत. विडीचोर असेल म्हणून गणोजीनं गाडी सुरू केली.

दुसऱ्या गिअरात, दांडी ओढून, गाडी घुरघुरत उतरू लागली.

"इंजिनाचा गळा दाबताय मालक," म्हातारा कळवळला. "सोडा ती दांडी."

संशय होताच. गणोजीनं सोडली.

"आता न्यूट्रल करा. उताराला डिझेल कशाला जाळायचं?"

आता तुम्हीच सांगा, डिझेल वाचतंय म्हटल्यावर आपल्या तालुक्यात नाही कोण म्हणेल? केलं न्यूट्रल.

गाडी सुटली. एक वळण. दुसरं वळण. पाय ब्रेकवरच. मग जळका वास. मग ब्रेक दाबला तर मऊ, लोण्यात पाय घातल्यासारखा. वळणावर पोती कलली, गणोजी कलला. म्हातारा ताठ. विडीची राखसुद्धा हलली नाही.

तेव्हा कुठे गणोजीला खटकलं. आपलं डिझेल वाचून याला काय मिळतंय? फुकट सल्ला, आपल्या मुलखात?

"म्हाताऱ्या, यात तुझा काय फायदा?"

"सोबत," म्हातारा दरीकडे बघत म्हणाला. "खाली एकट्याला करमत नाही."

गणोजीनं इंजिन रेटलं, तिसरा गिअर कसाबसा कोंबला, दांडी ओढली. इंजिन खाकरलं. गाडी आवळली. मग दुसरा गिअर. वेग उतरला. शेजारची सीट रिकामी.

सुटलो म्हणतोय, तोच पुढे रस्त्यावर झऱ्याचं पाणी आणि शेवाळ. मागच्या पोत्यांतून आवाज आला, अगदी मायेचा. "आता दांडी सोडू नका हं मालक."

याच्या पोटात माया कुठून आली? गणोजीनं तत्काळ सोडली. निसरड्यावर ती ओढलेली राहती, तर मागची चाकं घसरून गाडी आडवी झाली असती आणि म्हाताऱ्याला सोबत मिळाली असती. गाडी नुसत्या गिअरवर, गोगलगाईसारखी, पाणी ओलांडून गेली. मागे कुणीतरी हळहळल्यासारखं चुकचुकलं.

तर अंधार पडल्यावर त्या घाटानं जाऊ नका. गेलातच तर माथ्यापासूनच खालचा गिअर धरा. दांडी कोरड्यावर, ओल्यावर नाही. आणि शेजारचा न्यूट्रल कर म्हणाला, तर सख्खा मेहुणा का असेना, पुढच्या वळणावर तो कलतोय का ते बघा.