दोन इंद्रियांचा जीव

अण्णा : आणि साखर न देता नुसता कुंचला लावलास तर?

चंदना : तेच बघायचंय. अण्णा, बाटलीवरचा हात काढा, पाणी हलतंय.

अण्णा : काढला. लाव.

चंदना : हं. गोगलगाईच्या ओठाला टेकवला.

अण्णा : आगं, तोंड हलवाय लागली की! चाटतीय! साखर कुठाय?

चंदना : नाहीच. इतके दिवस कुंचला टेकला की लगेच साखरपाणी मिळत होतं. आता नुसता कुंचला टेकला तरी तिला साखर आठवते.

अण्णा : म्हंजे शिकली! तुझा काका एवढी वर्षं दुकानात बसून आजून कापड सरळ फाडाय शिकला न्हाई.

चंदना : अण्णा, काका ऐकतील.

अण्णा : ऐकू दे. तुझे कॉलेजातले सर म्हणत हुते, शॉक दिल्याबिगर शिकायची न्हाई?

चंदना : शॉकनं लवकर होतं, म्हणाले.

अण्णा : आन् मी काय म्हणलो? आपल्या जैन शास्त्रात गोगलगाय दोन इंद्रियांची. अंगाला लागलं ते कळतं, जिभेला लागलं ते कळतं. तेवढ्यातच शिकीव. करंट लावणार असशील तर बाटली माझ्या घरात न्हाई.

चंदना : त्यावरून किती दिवस बोलत नव्हते मी तुमच्याशी.

अण्णा : बोलत न्हवतीस, पर साताऱ्याला जाताना डब्यातल्या पुऱ्या बरोबर न्हेत हुतीस. उद्या पेठेत समद्यास्नी सांगतो, माझ्या चंदनानं गोगलगाईला शाळंत घातलं.

चंदना : थांबा हो. दुसऱ्या बाटलीतल्या गोगलगाईंना कुंचला एका वेळी दिला, साखर भलत्याच वेळी. त्यांनी तोंड हलवलं नाही, तरच हे खरं.

अण्णा : मग लाव की... ढिम्म! हलत न्हाई बघ. आता सांगू का पेठेत?

चंदना : आधी जेवून घ्या. दिवस मावळायला आला, आई ताट वाढून बसलीय.

(दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतानाच अण्णा गेले. पुढचं बोलणं काही आठवड्यांनंतरचं, साताऱ्याच्या कॉलेजातलं. चंदनाची तोंडी परीक्षा. १९९४.)

परीक्षक : वडील गेल्याचं कळलं. पुढची तारीख देऊ का, मिस चौगुले?

चंदना : नको सर. विचारा.

परीक्षक : काम चांगलं आहे. पण बाकीचे शॉक वापरतात, तुम्ही साखर. तुमचे सर म्हणाले, शॉकचं यंत्र बिघडलं असेल.

चंदना : यंत्र चांगलं होतं. अण्णांनी नको म्हटलं.

परीक्षक : अण्णा म्हणजे वडील? प्राणिशास्त्रातले?

चंदना : कापडाचं दुकान होतं. आम्ही जैन, सर.

परीक्षक : मग मी काय लिहू? धर्मामुळे?

चंदना : सुरुवात तिथूनच झाली, तसंच लिहा. पण शॉक दिला की गोगलगाय अंग आखडून घेते. ती शिकली की नुसती घाबरली, हे मला ठामपणे सांगता आलं नसतं. आता सांगता येतं.

परीक्षक : हे वडिलांना सांगितलं होतं?

चंदना : नाही, सर.

परीक्षक : का?

चंदना : ते आधीच एवढे खूश होते. म्हटलं, नंतर सांगू.

परीक्षक : पाणी घ्या. सावकाश.

चंदना : नको... तुमचंच बरोबर होतं, अण्णा.